पाण्यात पडलेला फोन

चिमणे,

हे पत्र मी टाकणार नाही. बाबांनी पैशासाठी लिहिलं, असं तुला वाटायला नको.

परवा दुकानात एका घड्याळाचं झाकण उघडत होतो, तेवढ्यात नव्या नंबरवरून मेसेज आला. वर तुझा फोटो. 'बाबा, माझा फोन पाण्यात पडून बंद पडलाय. हा नवा नंबर. दवाखान्यात तातडीने पैसे भरायचेत. तुम्ही जेवलात ना?'

मी पाठवले. आणखी मागितले, तेही पाठवले. मग तो नंबर गप्प झाला.

बँकेतल्या बाई भल्या आहेत. तक्रार नोंदवून घेतली आणि म्हणाल्या, "काका, नव्या नंबरवरून घरच्यांनी पैसे मागितले, तरी आधी जुन्या नंबरवर फोन करून खात्री करायची. केला नाहीत?"

"सुचलंच नाही," म्हणालो.

खोटं बोललो. पैसे पाठवण्याआधी केला होता. तू बोलणं टाकल्यापासून दर रविवारी वाजते, तशीच पूर्ण रिंग वाजली आणि थांबली. भिजलेली घड्याळं दुरुस्त करण्यात माझा जन्म गेला. बुडालेला फोन वाजत नसतो, एवढं मला कळत नाही होय?

कळलं होतं गं. पण फोन धड असेल, तर तू तो हातात धरून माझं नाव बघत बसली होतीस. त्यापेक्षा तो बुडालेला बरा वाटला.

जेवलोय.

बाबा