मूळ खरेदीदार

प्रिय ताई,

मला पत्र लिहायची सवय नाही. नोकरीत लिहिली ती सगळी 'महोदय'ने सुरू व्हायची आणि 'कळावे' म्हटलं की संपायची. फोनच केला असता, पण सांगायचं आहे ते फोनचंच.

मागच्या अंगणातली, कोंबडी-कणसं भाजायची गॅसची ग्रिल मी दुरुस्तीला काढली आहे. शेजारच्या मास्तरांना सांगितलं तर म्हणाले, "कुठल्या खिडकीची?" मग मागे येऊन बघितली आणि म्हणाले, "अहो, हिला बघून भंगारवालासुद्धा हात जोडेल." ताडपत्रीखाली ती इतकी खराब झाली असेल असं मलाही वाटलं नव्हतं. जाळ्यांवर गंजाचे पापुद्रे, तळाशी चरबीचा दगड झालेला, आणि गॅसच्या नळीत कोळ्याने संसार थाटलेला. चार दिवस तारेच्या ब्रशने घासत होतो. जाळ्या व्हिनेगरमध्ये भिजवल्या. साबणाचं पाणी लावून नळीचे सांधे तपासले, एकही बुडबुडा आला नाही. आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघते, पण बाहेर येत नाही. मार्चपासून तिने मागचं दार उघडलेलं नाही. काल एवढंच म्हणाली, "हात सोलून घेताय नुसते."

सगळं झालं, पण बर्नर गेलेत. तिन्ही खालून फाटलेत. तेव्हा कंपनीचं हमीपत्र शोधलं. ते माझ्या कपाटात नव्हतं, बारक्याच्या खणात होतं, सायकलच्या किल्ल्यांखाली.

दुकानातला तो दिवस तुला आठवत असेल. हमीपत्रावर छापलं होतं, बर्नरची हमी मूळ खरेदीदार हयात असेपर्यंत. आपण फार हुशार, म्हणून मी विक्रेत्याला म्हटलं, मग खरेदीदार म्हणून घरातल्या सगळ्यांत लहान माणसाचं नाव घाला. बारक्या सात वर्षांचा होता. त्याने जीभ बाहेर काढून अख्ख्या रकान्यात मावेल एवढी सही केली. तू अकराची. तू रुसलीस, मी मोठी आहे, माझं नाव का नाही? आणि मी सगळ्यांदेखत म्हणालो, "तू चार वर्षं आधी संपशील, कंपनीचा फायदा कशाला करून द्यायचा?" विक्रेता हसला, मीही हसलो. आई तेवढी म्हणाली, "शुभ बोल रे नाऱ्या."

कंपनीला फोन केला. बोलणाऱ्या बाई चांगल्या आहेत, मला काका म्हणतात. बर्नर अजून मिळतात, हमीही चालू आहे, फक्त मूळ खरेदीदाराने स्वतः फोनवर हो म्हणायला हवं. त्यांनी विचारलं, "आहेत का ते?" मी म्हटलं, "तो नाही." त्या म्हणाल्या, "बरं, मग कधी येतील?"

ताई, मला तेव्हाच सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण त्यांनी इतक्या सहज विचारलं, की माझ्या तोंडून निघून गेलं, "संध्याकाळी."

तेव्हापासून त्या रोज सहाच्या सुमाराला फोन करतात. मी म्हणतो, नाही. त्या म्हणतात, "फारच कामात असतात वाटतं! हरकत नाही काका, उद्या करते." परवा आईने ऐकलं. हात पुसत दारात आली आणि म्हणाली, "खोटं कशाला बोलता? नाही म्हणून सांगा ना सरळ." मी म्हटलं, "तेच तर सांगतोय." ती आत गेली. मग आम्ही जेवलो. भाजीत मीठ नव्हतं, दोघांनी तशीच संपवली.

खरं सांगू का, संध्याकाळी साडेपाचला मी घड्याळाकडे बघायला लागतो. दिवसभरात तो कधी येईल असं विचारणारं दुसरं कोणी नाही. भेटायला येतात ते सगळे गेल्याचंच बोलतात. पण हे असं चालवता येणार नाही, आईच्या देखत तर नाहीच. म्हणून काल त्या बाईंना मी तुझा नंबर दिला. म्हटलं, यापुढे त्याच्या बहिणीशी बोला. सोमवारी तुला फोन येईल. तू सांग. तुझा भाऊ मार्चमध्ये अपघातात गेला, हे मी या कागदावर पहिल्यांदा लिहितो आहे, आणि लिहिता येतं म्हणून बोलता येईल असं नाही. त्यांच्यावर रागावू नकोस, चूक माझ्या शब्दाची होती. बर्नर मिळणार नाहीत, ते राहू देत. हमीपत्रावर त्याच्या सहीखाली पेन्सिलीने बारीक अक्षरात तुझं नाव आहे. कधी लिहिलंस गं? मी इतकी वर्षं पाहिलंच नव्हतं. कंपनी ते धरणार नाही, पण मी खोडलेलं नाही. दुकानात तुला जे बोललो ते मनातून काढून टाक, आणि रस्त्याने जपून जात जा.

तुझेच,
बाबा