कानतुटीची शीव

५ जून २००६, सोमवार. अर्विंग

सुट्टी. कपडे मशीनला लावून वर आलो तर प्रसाद सकाळचा तसाच खुर्चीत. दाढी नाही, आंघोळ नाही. नागपूरचा इंजिनिअर, माझ्या दसपट शिकलेला, आणि दोन महिने बेंचवर. म्हणजे कंपनीत आहे पण काम नाही. (यापुढं नुसता प्र. लिहितो.) काम नाही म्हणून दिवसभर आफ्रिका बघतो. तिकडच्या एका राखीव जंगलात पाणवठ्यावर कॅमेरा बसवलाय. त्याचं चित्र इथं कंप्युटरवर येतं. सलग नाही. अर्ध्या मिनिटानं एक चित्र जाऊन दुसरं येतं. आवाज तेवढा सलग.

म्हटलं, "हे काय, रिकामं डबकं बघतोस?"

"थांब बे. येऊन राहिली ती."

आली. आधी एक सिंहीण, डावा कान फाटलेला. पुढच्या चित्रात चार झाल्या. त्याच्या पुढच्यात पिल्लं. पाच. पायांवर ठिपके, अजून पुसले नव्हते. शेवटी सिंह आला, काळी आयाळ, एक पाय जरा ओढत. चालणं आमच्या गावच्या पाटलासारखं, कुणाकडं न बघता. मी त्याला पाटील नाव ठेवलं. फाटक्या कानाची ती कानतुटी.

आईचा फोन झाला. वैनीला स्थळ आलंय. दादा जाऊन दोन वर्षं झाली, ती अजून तिशीच्या आत. पाट लावायचा, दुसरं लग्न करून द्यायचं म्हणतात. आमच्या चुलत्यांचं, आप्पांचं, नाव घेऊन आई म्हणाली, "तुझ्या शब्दाबिगर आप्पा हलायचे न्हाईत. आता घरात गडी तूच." मी इथं टेक्सासात हॉटेलच्या तंदुराला चिकटलेला, आणि घरात गडी मीच.

९ जून

आता रोजचं झालंय. पाळी बाराला, त्याआधी बघतो. आपले सकाळचे दहा म्हणजे तिकडं दिवस बुडायची वेळ, तेव्हाच ती पाण्यावर येतात.

आज पाटील ओरडला. एकदा नाही, थांबून थांबून. प्र.चा स्पीकर थरथरला. वरच्या काकूंची नात दारात. "इज दॅट अ रिअल लायन?" प्र. माझ्याकडं बोट करून, "येस. ही डझ द डिशेस."

प्र. म्हणतो, ओरडणं म्हणजे शीव सांगणं. इथपर्यंत माझं. आमच्या गावाची शीव ओढ्यापाशी, दगडाला शेंदूर लावलेला. यांना ना दगड ना शेंदूर. नुसता आवाज. आवाज बसला की शीव गेली.

घरी बोललो. स्थळ शिरूरचं. रामदास नाव, वेल्डिंगचं दुकान, पहिली बायको बाळंतपणात गेली. मूलबाळ नाही. माणूस बरा वाटला म्हणे. प्रश्न छकीचा. दादाची पोर, चार वर्षांची. आप्पा म्हणतात पहिल्या घरचं लेकरू पहिल्या घरी, रीतच आहे. आई म्हणते आई ती आई. मी म्हटलं, जाऊ द्या की आईबरोबर. एवढंच बोललो. बाराला पाच कमी होते.

१४ जून

पाटील चार दिवस दिसला नाही.

आज पाण्यावर दुसरेच दोघं. तरणे, पिवळट आयाळ, अंगावर ताजे ओरखडे. पाटलाच्याच जागेवर बसून पाणी पीत होते.

"आले बघ नवे जावई," प्र. म्हणाला.

तिथला जंगलातला माणूस रोज चार ओळी लिहितो, त्या प्र.नं वाचल्या. हे दोघं कोरड्या नदीपलीकडचे. त्यांनाही तिकडून कुणीतरी हाकललेलं. पाटील लढला बहुतेक. पुढं काय झालं लिहिलं नव्हतं. सगळ्या शिवा सरकल्या, एवढंच.

आपण नान भाजत होतो, आणि तिकडं एवढं...

१६ जून

प्र. प्लेनोला इंटरव्ह्यूला गेला होता. जाताना म्हणाला, बघ पण हात नको लावू कशाला. दहाला बसलो. पाण्याच्या कडेला नव्यातला एक. तोंडात काहीतरी लोंबतंय. वाटलं ससा. मग पायावरचे ठिपके दिसले.

आणि चित्र बदलेना. अडकलं. एरवी अर्ध्या मिनिटात जातं, आज तेच. मला बंद करता येत नाही. टॉवेल टाकला वरून. आवाज तर चालूच. पाखरं बोलत होती, रोजच्यासारखी.

टॉवेल तसाच ठेवून कामाला गेलो.

१७ जून

प्र.ला विचारलं. त्यानं फार सोपं करून सांगितलं, म्हणून जास्त लागलं.

"नियम आहे त्यांचा. नवे आले की आधीच्याची पिल्लं ठेवत नाहीत. पिल्लं गेली की माद्या लवकर माजावर येतात."

"आणि आया?"

"एखादी लढते. एखादी पळते. बाकीच्या राहतात, काय करतील?"

पाचातली तीन गेल्याची नोंद आहे. कानतुटी आणि दोन पिल्लं कुठं, कुणाला माहीत नाही.

झोप नाही. छकी डोळ्यासमोर. तिच्या पोटऱ्यांवर डास चावल्याचे डाग असायचे. ठिपके.

१९ जून, सोमवार

घरी फोन केला. सरळ सांगितलं, छकीला पाठवायचं नाही.

आई म्हणाली, "आरं, तूच तर व्हय म्हनला व्हतास."

"तेव्हा माहीत नव्हतं. आता डोळ्यानं बघितलंय."

"काय बघितलंस?"

काय सांगणार? म्हटलं, "सांगण्यासारखं नाही. पण नवा माणूस आधीच्याचं लेकरू ठेवत नाही, एवढं लक्षात ठेव."

आई हळूच म्हणाली, "बरं झालं बाबा, येळंवर कळलं."

मन हलकं झालं. गडी असल्यासारखं वाटलं पहिल्यांदा.

२४ जून

बघू नये ते बघितलं. चारातली एक सिंहीण त्या पिवळ्याच्या पुढं लोळत होती. पोट वर करून. त्याच्या मानेला मान घासत होती. त्याच तोंडाला, ज्यात...

प्र.ला म्हटलं, लाज कशी वाटत नाही हिला. तो म्हणाला, "ती सिंहीण आहे बे, तुझ्या गावची सासू नाही."

कानतुटी नाही. पिल्लं नाहीत.

कामावर सहा नान करपले. मालककाका म्हणाले, "लक्ष कुठाय राजे? एक दिवस तंदुरात तूच जाशील. आणि तुला कोणी खाणार नाही."

मला वैनीचाच राग येत होता. तिनं काय केलंय? काही नाही. तरी येत होता.

२ जुलै, रविवार

पाट झाला. परवा, दिवेलागणीला, मारुतीच्या मागं. मांडव नाही, वाजंत्री नाही, पाटाला नसतंच. वैनी गेली. छकीला सांगितलं, आई आठ दिवसांनी येती. ठेवून घेतली.

मग आईनं आवाज बारीक केला. "गावात समद्यांस्नी कळलंय. त्याची पहिली बायकू बाळंतपनात न्हाई गेली म्हनत्यात. लेकरू बी त्यानंच... आप्पा चावडीवर सांगत्यात, आपल्या दिल्यानं तिकडं अमेरिकेत कुनाकडनं तरी पक्कं काढलंय. डोळ्यानं बघितलंय त्यानं."

"आणि वैनी?"

"ती म्हनली, भावजींनी बघितलं तर मला का न्हाई सांगितलं? आन् गेली. पोरीकडं वळून बघितलं न्हाई. बघितलं आसतं तर गेलीच नसती."

मी सिंह बघितला होता. शिरूरचा माणूस मी जन्मात बघितला नाही.

तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. फोनचं कार्ड संपलं म्हणालो आणि ठेवला. कार्ड नवंकोरं होतं.

८ जुलै

छकीला फोनवर मागितलं. एरवी घेतला की पहिलं, "काका, इमान आणलं का?" आज नुसता श्वास. मीच म्हटलं, विमान आणतो हं, लाल. श्वास.

आई म्हणाली, शिरूरची एसटी यायच्या वेळेला ओट्यावर जाऊन बसते. गाडी गेली की आत येते.

"जेवते का?"

"भरवलं तर."

मी ताट तसंच सिंकमध्ये ठेवलं. प्र. विचारत होता काय झालं. काही नाही म्हटलं.

११ जुलै

फोन प्र.नं उचलला. "कोणी रामदास."

हात पुसून फोन घेतला.

"दिलीपराव, शिरूरहून बोलतोय. नंबर हिच्याकडून घेतला." आवाज साधा. चढलेला नाही. "तुम्ही काय बघितलंत माझ्याबद्दल, तेवढं सांगा. वाद घालणार नाही. पहिली दवाखान्यात गेली, पोटातल्या बाळासकट. मी बाहेर बाकड्यावर होतो. तुम्ही काय बघितलंत?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"पोरीसाठी सळईचा घोडा केलाय, झोके घेणारा. रंग राहिलाय. ही त्याच्याकडं बघत नाही. घोडा दारात पडून आहे. काय करू त्याचं, तेवढं तरी सांगा."

"नंतर बोलतो" म्हटलं. मीच ठेवला.

प्र.ला सगळं सांगितलं. आधी हसला. मोठ्यानं. मग थांबला. "अबे, म्हणजे तू त्या सिंहाचं वेल्डरवर लावलं? आणि गावाने मानलं?" डोक्याला हात लावून बसला. "मी तुला जनावराचा नियम सांगितला होता बे. माणसाचा नव्हता सांगितला."

१५ जुलै

प्र.नं दुसरा कॅमेरा शोधलाय. कोरड्या नदीच्या खालच्या अंगाला, लहान पाणी. तिथं शीव कुणाचीच पक्की नाही म्हणे, दोन्हीकडचे येतात आणि जातात.

साडेदहाच्या सुमारास आली. कान फाटलेला. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. मी खुर्चीवरून उठलो. पुढच्या चित्रात तिच्या मागच्या पायांमध्ये एक. ठिपकेवालं. दोनातलं एक. दुसरं नाही.

प्र. वाचत होता. कळप सोडून एकटीच फिरते. लांबून डरकाळी आली की जागा बदलते. एकटीला शिकार जमत नाही, जे मिळेल ते खाते.

म्हटलं, "एक तरी वाचलं."

"तिनं बरोबर घेतलं म्हणून. मागं राहिलं असतं तर गेलं असतं."

सहज बोलला तो. कॉफी प्यायला उठला. मी तिथंच.

१७ जुलै, सोमवार

आईला सांगितलं. सगळं. कंप्युटर, आफ्रिका, पिवळे दोघं, टॉवेल.

"म्हंजी जनावर बघितलंस तू?"

"हो."

"आन् त्यावरनं माझी पोर..." आधी हसल्यासारखा आवाज आला, मग तो हसण्याचा नव्हता.

आप्पांनी फोन घेतला. "सिंह? आरं, मी चावडीवर त्या मान्साला खुनी ठरवून बसलोय, आन् तू सिंह म्हनतोस?"

"तुम्ही सांगा आप्पा, दिल्या येडा आहे म्हणून."

"तू येडा, आन् मी? मी कोन ठरतो मग? न्हाई जायची पोर. बोललो ते बोललो."

"दादाच्या मागं शब्द माझा ना? तुम्हीच म्हणता. मग हा माझा शब्द. छकीला आईकडं पाठवा."

"शब्द! तिकडं जनावरं बघत बसनाऱ्याचा शब्द!" ठेवला.

रामदासला लावला. उचलला. म्हटलं, मी तुमच्याबद्दल काहीच बघितलं नाही, सिंह बघितला. तो म्हणाला, "बायको आत आहे. तिला सांगा." वैनी आली. तिला परत पहिल्यापासून सांगितलं. ऐकून घेतलं. "भावजी, छकी जेवते का?" एवढंच विचारलं.

खोटं बोललो. हो म्हणालो.

२० जुलै

आप्पा आईशी बोलत नाहीत. जेवण वेगळं.

आई म्हणाली, "रविवारी सकाळच्या एसटीनं मीच जाते घिऊन. आडवं यायचं तर येऊ दे वढ्यापर्यंत. बघते." तिकडं कळवलेलं नाही. कळवलं आणि जमलं नाही तर वैनी दिवसभर फाट्यावर उभी राहील म्हणते. पोचल्यावर शिरूरहून फोन करायचा, असं ठरलं.

मी म्हटलं, आई, एकटी? "न्हाई तर कोन, तू?"

मालककाकांना विचारलं, महिनाभर जाऊन येऊ का. म्हणाले, जा की, पण व्हिसा ह्या दुकानाचा आहे, दुकान थांबत नाही. बरोबर आहे त्यांचं.

२३ जुलै, रविवार

फोन आलेला नाही.

तिकडं रात्रीचे नऊ. घरी लावला, नुसता वाजतो. म्हणजे आई घरी नाही. म्हणजे निघाली. का कुणी उचलत नाही? आप्पांचा मोबाइल बंद. रामदासचा लागत नाही, बाई काहीतरी सांगते मराठीत, मग इंग्रजीत, मग तुटतो. शेजारच्या मावशींना लावला. त्या म्हणाल्या, सकाळी वढ्याकडं गलका झाला खरा, मी शेतात व्हते. मग लाइन गेली.

ओढ्यापाशी. शिवेवरच.

प्र. म्हणाला, मी लावतो, तू शर्ट घाल. आज बुफे, उशीर चालत नाही. शर्ट घातला. बूट घातले. परत येऊन खुर्चीत.

खालच्या पाण्यावर कानतुटी आलीय. पिते आहे. एकटी. मागं उंच गवत, गवतात पिल्लू आहे का दिसत नाही.

आता लांबून ओरडला कुणीतरी. कुठल्या बाजूचा कळत नाही. ह्या चित्रात तिनं मान वर केलीय, तोंडातून पाणी गळतंय. पळालेली नाही. मागं वळून गवताकडं बघतेय.

प्र. परत नंबर फिरवतोय. म्हणतो, वाजतोय, शिरूरचा वाजतोय. मी पेन खाली ठेवत नाही. चित्र अजून बदललं नाही.