ओळख आधी कोणी दाखवायची

५ फेब्रुवारी

आज पुन्हा झालं! शाळेसमोर, हातात ‘थांबा’चा फलक, तोंडात शिट्टी — आणि श्वासच येईना. मुलं कडेला ताटकळलेली, बस खोळंबलेली, मागून हॉर्नवर हॉर्न. शेवटी कुणाच्यातरी आईने माझ्या हातातला फलक काढून घेतला आणि पोरांना पलीकडे नेलं. अकरा वर्षं मी पोरांसाठी हा रस्ता अडवतेय, असं कधी झालं नव्हतं. आता महिन्यात तिसऱ्यांदा.

डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, ही मनातली भीती आहे. “ऑनलाइन एक समुपदेशक बाई आहेत, फिलिपा. तुम्ही आणि कोरल — अशा जोड्यांशी बोलायची त्यांना सवय आहे.”

अशा जोड्या! याला कोणी सांगितलं? अख्ख्या मेल्टन गावाला एवढंच ठाऊक आहे की कोरल माझ्याकडे भाड्याने राहते. वहीपासून काय लपवायचं — बावीस वर्षं आम्ही एका पलंगावर झोपतो. पण ते डॉक्टरला कसं माहीत?

८ फेब्रुवारी

काल लॉन बोल्सच्या — हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या खेळाच्या — क्लबात कोरलला वर्षातली उत्तम खेळाडू म्हणून कप मिळाला. नव्या सेक्रेटरीने मला विचारलं, “आणि आपण यांच्या कोण?” मी फटकन म्हटलं, “ती माझी भाडेकरू.”

कोरल मागेच उभी होती.

आज सकाळी माझ्या टोस्टच्या बशीखाली चिठ्ठी. ‘घरमालकीणबाईंस — भाडेकरू एक महिन्याची नोटीस देत आहे. ८ मार्चला खोली रिकामी करीन. — कोरल.’

मी हसले. ती हसली नाही. “बॅलारटला बहिणीकडे जातेय. तिथे निदान मी कुणाचीतरी कोणीतरी आहे.”

९ फेब्रुवारी

नाटक आहे. दोन दिवसांत येईल ताळ्यावर.

११ फेब्रुवारी

नाटक नाही. तिचे हिवाळी बूट खोक्यात गेले.

१२ फेब्रुवारी

पहिलं सेशन. कपडे धुवायच्या खोलीत टॅबलेट घेऊन बसले, दार लावलं, मशीन चालू केलं. कोरलला ऐकू जायला नको.

वेबसाइटच्या कोपऱ्यात आमच्यासारख्यांचा इंद्रधनुषी झेंडा. झेंडा लावायला काय जातं! बाई खिडकीकडे पाठ करून बसलेली, चेहऱ्यावर अंधार. दिसलं काय, तर बारीक कापलेले पांढरे केस आणि लाल काड्यांचा चष्मा. तोंड दाखवायला काय होतं हिला? दर वाक्याला “ऐकतेय मी.” चौदा वेळा म्हणाली. मी मोजलं.

“घरी कोण असतं?”

“एक माणूस असतं.”

“त्या माणसाशी कसं चाललंय?”

“बरं चाललंय. सध्या रुसून बसलंय.”

ना तो, ना ती. बसा म्हणावं शोधत! पण बाई बिलंदर. तीही शेवटपर्यंत “ते माणूस, ते माणूस” करत राहिली. एकदाही विचारलं नाही. न विचारणारी माणसं जास्त धोकादायक असतात.

१९ फेब्रुवारी

“हे सगळं रेकॉर्ड करता का?” म्हटलं. “नाही,” म्हणाली. हो कशाला म्हणेल!

आणि मग जे झालं त्याने माझी झोप उडालीय. मशीन पाणी सोडून जरा थांबलं होतं. रस्त्यावरून आइस्क्रीमच्या गाडीची ट्यून आली — बुधवार-शनिवारी येते तशी. ती विरली, आणि तीच ट्यून टॅबलेटमधून! म्हणजे गाडी आमच्या गल्लीतून निघाली आणि हिच्या गल्लीत शिरली. बाई इथलीच आहे! दोन वळणं पलीकडची!

लांबची असेल म्हणून तर हिच्यापुढे तोंड उघडलं होतं. त्याच बैठकीत “माणूस”ची “कोरल” करून बसले होते मी. गाढव कुठली!

२० फेब्रुवारी

शेजारची रेलीन कचऱ्याचा डबा ढकलता ढकलता म्हणाली, “कोरल बरी आहे ना? ओढलेली दिसते.” हिला कोणी सांगितलं? कुठेतरी पाणी मुरतंय.

२२ फेब्रुवारी

दिसली! औषधांच्या दुकानात. पांढरे केस, लाल चष्मा. चार हातांवर. माझ्याकडे सरळ बघितलं, आणि वळून टूथपेस्टचं खोकं वाचत बसली. टूथपेस्टवर एवढं वाचण्यासारखं असतं काय?

माझ्या पोटातलं सगळं काढून घेतलं आणि चारचौघांत ओळखही नाही! लाज वाटली असेल माझी. शिट्टीवाली म्हातारी, हिला कुठे ओळख द्या!

घरी येऊन न्हाणीघरात रडले. बाहेर आले तर कोरल समोर. “डोळ्यांना काय झालं?”

“कांदा.”

“न्हाणीघरात?”

२६ फेब्रुवारी

आज सापळा लावला. अगदी भोळेपणाने विचारलं, “समजा, तुमच्याकडे येणारं कुणी तुम्हाला दुकानात भेटलं, तर तुम्ही काय करता?”

“मी आपणहून ओळख दाखवत नाही. त्यांच्याबरोबर कुणी असलं तर ते विचारणार, ही कोण? उत्तर द्यायचं की नाही, ते त्यांच्या हातात राहायला हवं. त्यांनी हाक मारली तर मी आनंदाने थांबेन.”

पकडली! कबुलीच की ही!

पण मग म्हणाली, “कुणी असं न बघता निघून गेलं, तर तुम्हाला कसं वाटेल, ग्लेनिस?”

मी म्हटलं कपडे वाळत घालायचेत, आणि कॉल तोडला.

कपडे तसेच टबात आहेत. मी बावीस वर्षं हेच करतेय. सुपरमार्केटमध्ये कोरल पावाकडे, मी डब्यांकडे. शाळेतली एखादी आई समोरून आली की मी वाटाण्याचा डबा उचलून वाचते. कोरल शेजारून ट्रॉली घेऊन जाते, मी मान वर करत नाही. त्या बाईला निदान नियम आहे. मला कुठला नियम होता? मला एका शनिवारी एवढं लागलं. कोरलने कसं सोसलं असेल?

२ मार्च

कोरल कप वर्तमानपत्रात गुंडाळत होती. मी दारात उभं राहून म्हटलं, “अगं, तू माझी भाडेकरू नाहीस. तू माझं सगळं आहेस.” हे बोलायला मला अर्धा तास लागला होता.

ती वर न बघता म्हणाली, “मला माहीत आहे ते, ग्लेनिस. मला सोडून दुसऱ्या कुणालातरी सांग.”

५ मार्च

सेशनला बसले नाही. कोरल जायला तीन दिवस राहिले. पुन्हा धडधड, पण फलक हातातून सोडला नाही.

८ मार्च

दुपारी कोरलची गाडी भरून झाली. ती टायरमधली हवा बघत होती. तेवढ्यात आइस्क्रीमवाला आला. कोपऱ्यावर रांग — शाळेतली पोरं, त्यांच्या आया, रेलीन. आणि रांगेत लाल चष्मा!

काय अंगात आलं देव जाणे. कोरलचा हात धरला आणि ओढतच नेलं. सपाता घालून! आणि मी ओरडले, “ओ बाई! आधी मीच बोलायचं ना? हे घ्या, बोलले! ही कोरल. माझी बायको!”

बाईने चष्मा सारखा केला. “अरे वा,” म्हणाली. “फारच छान.” कोरलशी हात मिळवला. किती सराईत!

एका पोराने विचारलं, “मग लग्नात केक होता?”

कोरल म्हणाली, “मलाच बोलावलं नव्हतं रे!”

रेलीन आधी हसली. मग सगळे. मी मात्र भोकाड पसरलं, तिथेच, रस्त्यात. कोरलने तिचा रुमाल दिला. संध्याकाळ झाली, गाडी अजून भरलेलीच उभी आहे. ती आत बटाटे सोलतेय. मी काही विचारत नाही.

१२ मार्च

सेशन. म्हटलं, शनिवारी काय सहज वागलात हो! फिलिपाबाईंना काही कळेना. त्या होबार्टला राहतात — समुद्रापलीकडे, जन्मापासून! आइस्क्रीमच्या गाडीचा तो आवाज आमच्याच गल्लीतला होता, त्यांच्या यंत्रातून फिरून माझ्याकडे परत आलेला.

धावत स्वयंपाकघरात गेले. “कोरल! मग ती लाल चष्म्याची बाई कोण?”

हसून हसून कोरलच्या डोळ्यांत पाणी. “मला काय ठाऊक ती कोण! पण मी कोण, ते आता तिला ठाऊक आहे.”