घायपाताला खोडवा नसतो

अप्पा,

दुपारच्या एसटीनं मी बारामतीला आईकडं चाललेय. तुमी रानातनं येईस्तोवर थांबले असते, पण तुमच्यासमोर माझा पाय निघाला नसता. भाकरी दुरडीत हाय, आमटी तेवढी गरम करून घ्या.

अंगणातल्या घायपाताला आता पाणी देऊ नका. पाटाला पाणी आलं की उसासोबत तुमी त्यालाबी भिजवता, म्हणून खालची पानं पिवळी पडून मऊ झाल्यात. त्याला तहान लागली असं तुमाला वाटतं, त्याला वाटत न्हाय.

मोठ्या झाडाला फुलांचा दांडा आलाय. तो वाळला की झाडबी वाळंल. काल तुमी म्हणाला, "बुडखा राहू दे, उसासारखा खोडवा फुटंल." अप्पा, घायपाताला खोडवा नसतो. ते एकदाच फुलतं. बुडाशी आलेली पिल्लं काढायची, थोडे दिवस सावलीत सुकू द्यायची आन् मग लावायची. आपल्या लासुर्ण्याची काळी माती त्यांना सोसत न्हाय, मुरूम मिसळा. वाकताना काट्यांपासून डोळे जपा.

तुमच्या लेकाला काय सांगायचं ते मी फोनवर सांगितलंय. तुमी त्यांच्याशी भांडू नका. आमच्या संसाराबद्दलबी तुमी हेच सांगत आलाय, थांब, परत फुटंल. लई थांबले.

एक पिल्लू मी पिशवीत घेतलंय. त्याला पाणी घालायला येऊ नका. चहाला मात्र या.

तुमची सून,
स्वरूपा