काच नसलेल्या नळ्या

बाबा,

माझ्या कॅमेऱ्याच्या तीन काळ्या नळ्या तू भंगारात दिल्यास, कारण काय, तर म्हणे आत काचच नाही. अरे, नसतेच त्यांत काच. लेन्स कॅमेऱ्यापासून जरा लांब बसावी म्हणून त्या मधे लावतात, मग तिळाएवढ्या कोळ्याचे आठही डोळे दिसतात. आत्याला फोनवर मोठ्या हौसेने सांगतोस, "आमची पोरगी जाळी काढत नाही, जाळ्यांचे फोटो काढते." त्यातला एक तरी फोटो पाहिलायस?

मी भंगारवाल्याकडे चाललेय, जेवायला थांबू नकोस. खिडकीतल्या कोळिणीची पिल्लं आज बाहेर पडतील, तिथे झाडू फिरवू नकोस. तुला तिथे काहीच दिसणार नाही, म्हणून मुद्दाम लिहून ठेवतेय.