आईची नक्कल

सर,

शाळेच्या जुन्या ग्रुपवर काल तुमच्या पुण्यतिथीचा फोटो आला. फोटोवरच हार चिकटवलेला, आणि खाली कौतुकाचा नुसता पूर. ‘सरांनी आम्हाला घडवलं’, ‘सरांमुळे भाषा शुद्ध झाली’. जाऊन इतकी वर्षं झाली तरी तुमची चलती आहे. इथे शहरात, मस्तगडच्या घरात माझी भाजी करपत होती आणि मी फोन हातात धरून दातओठ खात होते.

तो दिवस आठवा: पिंपळगाव रेणुकाईच्या शाळेत मी सातवीत आहे. डबा घरी राहिलाय. आई शेतातून तशीच, मातीच्या पायांनी आलीय आणि वर्गाच्या दारातून म्हणते, "सर, पोरगी जेवली न्हाई. जल्दीत तशीच आल्ती. एवढा डबा द्या तिला." तुम्ही खडू ठेवलात, कमरेवर हात ठेवलात आणि तिचाच हेल काढून म्हणालात, "जेवली न्हाई का? मंग द्या ना जल्दी!" सगळा वर्ग खदखदून हसला. आईही हसली, पदर तोंडाला लावून, मनापासून. ती गेल्यावर तुम्ही आम्हाला बजावलंत, "असं बोललात तर जन्मभर खुरपं धराल." मी तो डबा उघडला नाही.

आता आमच्याकडची पोरं त्याच बोलीत रील्स करतात आणि तेव्हा हसलेले तेच लोक ती रील्स सकाळ-संध्याकाळ एकमेकांना पाठवतात. टीव्हीवर मराठीच्या अभिमानावरून रोज भांडणं लागतात. माझ्या आईच्या बोलण्याला मराठी म्हणायला मात्र तुम्ही कधी तयार नव्हता.

म्हणून मी ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकला. सगळं सांगितलं, आणि तुमची नक्कलही केली. तुमचा तो नाकातला आवाज मला हुबेहूब जमतो. फार बरं वाटलं. थोड्या वेळानं तुमच्या मुलाचा, तोही ग्रुपवर आहे, फोन आला, "ताई, तेवढं काढून टाका ना. घरातले सगळे ऐकून राह्यले."

"न्हाई," मी म्हटलं, "ऐकू द्या." तो ‘न्हाई’ उच्चारताना इतका आनंद मला कधीच झाला नव्हता.

मग गावाहून आईचा फोन आला. तिथे आईच्या शेजारीच राहणाऱ्या माझ्या वर्गमैत्रिणीनं तिला तुमचा फोटो दाखवला होता. "लई चांगला माणूस होता गं," आई म्हणाली. "मी डबा द्यायला आल्ते तं माझ्यासंग बराबर आपल्यासारखंच बोलला. एवढा शिकलेला, पण बिलकुल ऐट न्हाई. तू बी काई बोलली म्हणं त्यायच्याबद्दल? ती सांजच्याला ऐकवते म्हणली."

फोन ठेवला आणि मेसेज सगळ्यांच्या फोनवरून काढून टाकला. तुमच्या मुलाला वाटलं असेल, ताईंनी आपलं ऐकलं. त्याला काय वाटायचं ते वाटो. तुमच्यावरचा राग तसूभरही कमी झालेला नाही. संध्याकाळी आईनं पुन्हा विचारलं तेव्हा मी सांगितलं, "चांगलंच बोलले गं. सर तुला लई मान द्यायचे म्हणलं." ती फार खूश झाली.

हे पत्रही मी कुणाला दाखवणार नाही. फिरत फिरत ते तिच्या कानावर जाईल. आई आहे तोवर तुमची अब्रू मलाच सांभाळायची आहे, आणि याची मला भयंकर चीड येते, सर.