नव्याण्णववर अडलेली तीन काजं

नव्याण्णव म्हणजे शंभर नव्हे, एवढं मला चौथीत मास्तरांनी शिकवलं होतं, आणि चौथीच्या पुढे मी गेले नाही. तू सोळा वर्षं शिकलीस, नाकावर भिंगं चढवलीस, एवढ्या लांब जाऊन कंपनीत खुर्ची धरलीस, आणि तुझी ती निळी पट्टी नव्याण्णववर येऊन पाय पसरून बसते. ढिम्म हलत नाही. हे आधीच लिहून टाकलं, कारण आशीर्वाद देऊन झाल्यावर माझा राग निवतो, आणि दोन दिवस बसून कमावलेला राग मला असा निवू द्यायचा नव्हता.

आता रीतीप्रमाणे. चि. खटपटीला (लहानपणी घरातली तीन घड्याळं तू उघडलीस आणि एकही बंद केलं नाहीस, तेव्हापासूनचं नाव आहे, उगाच तोंड वाकडं करू नकोस) आजीचे पोटभर आशीर्वाद. वेळेवर जेवतेस का? मागच्या फोटोत तुझे खांदे हँगरसारखे दिसत होते. कोट टांगायला बरे आहेत, माणसाला बरे नाहीत. माझं म्हणशील तर गुडघे जागच्या जागी आहेत, फक्त हल्ली उठताना आवाज करून सगळ्या घराला कळवतात. नजर अजून शाबूत आहे. सुईत दोरा पहिल्या फटक्यात जातो. (दुसऱ्या. तुझी आई हे पत्र पाठवण्याआधी वाचणार आहे, म्हणून खरं लिहिते.) फोन का केला नाही असं विचारशील, तर फोनवर तू हसतेस. पत्रावर हसलीस तरी मला ऐकू येत नाही.

तर झालं असं. गावातल्या शिवण शाळेला हातशिलाई शिकवायला बाई हवी होती. लोक तयार कपडे घ्यायला लागल्यापासून माझ्याकडे येतं ते काय, तर पँट आखूड करायला आणि तुटलेली चेन बसवायला. सहा वर्षं मी खिडकीपाशी बसून लोकांच्या पँटी कापते आहे. तुझा बाप म्हणतो, आई आता स्वस्थ बस. स्वस्थ बसून बसून माझं अस्तर उसवायला लागलंय, हे त्याला दिसत नाही, कारण तो स्वतः जन्मापासून स्वस्थ आहे. म्हणून मी त्याला न विचारता अर्ज केला. शाळेची मुख्य बाई कोण, तर आपली ढगळी. तुला आठवायची नाही. तीस वर्षांपूर्वी ती माझ्या हाताखाली काज करायला शिकत होती. टाके इतके सैल घालायची, की हे नाव मीच ठेवलं. आता तिला सगळे मोठ्या बाई म्हणतात, आणि मोठ्या बाईंनी मला कळवलं की प्रमाणपत्र जोडा. प्रमाणपत्र नसल्यास (हे खास माझ्यासाठी घातलं होतं) कोटाला हाताने तीन काजं करतानाचा व्हिडिओ, सलग, मध्ये न थांबवता, तोंडाने समजावून सांगत, शाळेच्या संकेतस्थळावर शुक्रवारी पाचच्या आत चढवा. हात दिसले पाहिजेत, चेहरा दिसला नाही तरी चालेल. ही शेवटची ओळ मी केस विंचरून, ठेवणीतली साडी नेसून बसल्यावर वाचली.

व्हिडिओ तुझ्या आईने काढला. तिने फोन बिस्किटांच्या डब्यावर टेकवला, आणि पहिल्या खेपेला काय झालं ते विचारू नकोस. मला वाटलं ती नुसतं फोन नीट बसतो का ते बघते आहे. म्हणून मी आपली हाताला सवय म्हणून काजं करत बसले आणि तोंडाला सवय म्हणून बोलत बसले. चाळीस मिनिटांनी ती म्हणते, झालं, छान आलं. मी काय काय बोलले ते आठवलं आणि आधी तो फोन उपडा घातला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसलो. तेव्हा मात्र मी शहाण्यासारखी बोलले. ‘आता आपण चीर देऊ या, आता आपण कडेला आधाराचा दोरा टाकू या.’ असं चाळीस मिनिटं ‘ऊ या, ऊ या’ करत होते. ऐकून मलाच झोप आली, पण त्यात वावगं अक्षर एक नव्हतं. पहिला व्हिडिओ पुसून टाक म्हटलं. तुझी आई हो म्हणाली.

गुरुवारी सकाळी तुझ्या आईने लॅपटॉप टेबलावर मांडला, फाइल लावून दिली आणि कामावर गेली. जाताना तीनतीनदा बजावलं, ही खिडकी बंद करू नका, कशाला हात लावू नका, पट्टी भरली की काम झालं. पट्टी बघितली आणि मला तू आठवलीस. मागच्या वेळी आली होतीस तेव्हा आमच्यासमोर मिरवलीस ना, शाळांच्या संकेतस्थळांवर मोठ्या फाइली चढतात ती पट्टी माझी, मी केलेली. म्हटलं, वा, आपल्याच घरातली पोर कामाला लावली आहे, आता काळजी नाही. स्टूल ओढून पट्टीसमोर बसले. चार टक्के झाले तेव्हा माझा चहा राहिला होता. प्यायले नाही, न जाणो सांडला तर. अकरा टक्क्यांना दाराची घंटा वाजली. उघडलं नाही. (गॅसवाला होता. परत गेला. दोन दिवस तुझी आई शेजारणीच्या शेगडीवर स्वयंपाक करते आहे. विषय काढू नकोस.) सदतीसवर पट्टी थबकली. आतल्या खोलीत जाऊन बघते तर तुझा बाप फोनवर कुस्ती बघतोय. इंटरनेट त्या दोन पैलवानांनी ओढून घेतलं होतं. त्याला फोनसकट अंगणात घालवला. पट्टी पुन्हा चालायला लागली, आणि मी तिला हळूच ‘चल ग बाई’ म्हटलं. या वयात मी निळ्या रेघेशी बोलले, हे कबूल करते. एकदा नाही, एकोणसाठला आणि ऐंशीलाही.

दीडच्या सुमारास नव्याण्णव झाले. मी केस सारखे केले, का ते मला विचारू नकोस. पाच मिनिटं गेली. दहा गेली. वीस गेली. पट्टी भरलेली दिसते, बाजूला नव्याण्णव, खाली ‘रद्द करा’, आणि दुसरं अक्षर नाही. आता मी पडले शिवणारी. मशीनमध्ये दोरा अडकला की ओढायचा नसतो, जोर लावायचा नसतो. मुकाट्याने उसवायचं आणि पहिल्यापासून घालायचं. पन्नास वर्षं पोरींना हेच शिकवलं आणि ज्यांनी ऐकलं नाही त्यांच्या बोटांवर पट्टी मारली. (लाकडाची. ती कधी अडकली नाही.) तेव्हा मी ‘रद्द करा’ दाबलं. त्याने विचारलं, नक्की? हा प्रश्न मला फार उद्धट वाटला. मी ‘हो’ दाबलं, ठसक्यात. पट्टी शून्यावर गेली. ‘पुन्हा पाठवा’ असं आलं, तेही दाबलं. संध्याकाळी पुन्हा नव्याण्णव, पुन्हा वीस मिनिटं, पुन्हा उसवलं. तुझी आई घरी आल्यावर तिला सांगितलं, की मशीन खराब आहे. मी खराब असेन असं माझ्या डोक्यातही आलं नाही. तिने बिचारीने शुक्रवारी सकाळी आठला सगळं पुन्हा लावून दिलं, आणि मी साडेअकराला ते पुन्हा, त्याच ठसक्यात, उसवलं.

जेवणाच्या सुट्टीत तुझ्या आईचा फोन आला. मी सगळं सांगितल्यावर तिने आधी मला खाली बसायला सांगितलं. (सुनेने खाली बसवलं की समजावं, सासूने मोठं काहीतरी केलं आहे.) मग म्हणाली, ‘आई, एवढी मोठी फाइल एका तुकड्यात जात नाही. ती कापून तुकडे पाठवतात. नव्याण्णव झाले म्हणजे सगळे तुकडे पोचले, आणि तिकडे ते जोडतायत.’

अग, मग हे आधी सांगायला काय झालं होतं? कापणं आणि जोडणं यापलीकडे मी आयुष्यात केलं काय? बेतून, कापून सगळे तुकडे टेबलावर आले म्हणजे कोट झाला, असं कोणी म्हणेल का? खरा वेळ जोडायलाच लागतो, आणि त्या वेळी शिंप्याच्या कोपराला धक्का देऊ नये. मी तीनदा धक्का दिला. तीन वेळा तिकडे कोणीतरी माझा कोट जोडत आणला होता, शेवटची शिवण तेवढी राहिली होती, आणि मी इकडून भसाभस उसवत होते. इतकी मूर्ख पोर माझ्या हाताखाली असती तर मी तिला पहिल्याच दिवशी घरी पाठवली असती. पण खटपटे, तुलाही पाठवली असती. तिथे ‘तुकडे जोडते आहे, थांबा’ एवढे चार शब्द टाकायला तुझ्या कंपनीत शाई संपली होती का?

मग तुझ्या आईने फोनवरून सांगितलं तसं जुनी खिडकी बंद केली, नवी उघडली, फाइल माझ्या हाताने लावली (माझ्या!) आणि सव्वाबाराला चौथ्यांदा पट्टी सोडली. पावणेचारला नव्याण्णव. या वेळी दोन्ही हात मांडीखाली घालून बसले. चार वाजले. सव्वाचार वाजले. तुझा बाप दारातून डोकावला तर नुसत्या डोळ्यांनी त्याला परत पाठवला. चार वाजून बावीस मिनिटांनी शंभर झाले आणि ‘तुमची फाइल मिळाली’ असं आलं. मी उठले आणि गुडघ्यांसकट आम्ही सगळे शेजारणीकडे जाऊन चहा प्यायलो. पाच वाजायला अडतीस मिनिटं होती. अशी तुझी आजी आहे. सांग तुझ्या कंपनीत.

बाकी सगळं ठीक. अंगावर घाल काहीतरी, तिकडे थंडी असेल.

तुझी आजी

ता. क. तुझी आई संध्याकाळी घरी आली. तिने बघितलं. चढली आहे ती पहिल्या खेपेच्या व्हिडिओची फाइल. तुझ्या आईने ती पुसलीच नव्हती, तुला दाखवून हसायला ठेवली होती. (आम्हा दोघींचं यावर बोलणं झालं आहे.) दोन्हींवर चित्र सारखंच, माझे हात आणि करडा कोट. मी वरची घेतली, कारण गिऱ्हाइकाला दाखवायचा कपडा मी गठ्ठ्यात नेहमी वर ठेवते. आता त्यात मी काय बोलले ते ऐक. मी म्हटलं आहे, की ढगळीने पहिलं काज केलं त्यातून बटणच काय, अख्खा हात जायचा. ती चीर आधी देते आणि माप मग घेते. कडेला आधाराचा दोरा टाकत नाही, म्हणून चार धुण्यांत काजाचं तोंड वासतं. टाक्याची गाठ काठावर बसवायची असते हे तिला सांगून सांगून माझे दात पडले. आणि आता ती माझी परीक्षा घेणार, म्हणजे काजाने सुईला विचारायचं, तुला भोक पाडता येतं का. हे सगळं काजं करता करता, एकेक दाखवून. मोठ्या बाई सोमवारी बघायला बसणार आहेत. संकेतस्थळावर लिहिलंय, एकदा पाठवलेली फाइल बदलता येत नाही. मला ते पटत नाही. पट्टी तू केलीस ना? मग तू आत जा, ती फाइल उसव आणि दुसरी लाव. खरं तर एवढ्यासाठीच हे पत्र आहे, वरचं सगळं तुला वाचायला बरं वाटावं म्हणून लिहिलं. तुझी आई उद्या याचे फोटो काढून तुला पाठवेल.

दुसरा ता. क. शनिवार. काही उसवू नकोस. कशालाही हात लावू नकोस. ढगळीचा सकाळी फोन आला. सोमवारची वाट न बघता ती काल रात्रीच बघायला बसली, माझी फाइल सगळ्यात शेवटी आली म्हणून तिने तीच आधी उघडली आणि चाळीस मिनिटं सलग बघितली. मी फोन कानाला लावून उभी राहिले. बसले असते तर उठता आलं नसतं.

ती म्हणाली, ‘बाई, अख्खा हात जात नव्हता. तीन बोटं जायची.’

मी म्हटलं चार. ती म्हणाली तीन. साडेतीनवर मिटलं. मग म्हणाली, की बाकीच्या सगळ्यांनी ‘ऊ या, ऊ या’ केलं आहे, काज कुठे बिघडतं ते एकीनेही सांगितलं नाही, तेव्हा सोमवारी दहाला या. महिनाभर बघू, आणि ते ‘ढगळी’ मात्र पोरींसमोर काढू नका. मी हो म्हटलं. (पहिला आठवडा तरी नाही काढणार.)

पण एक मेख आहे. वर्गात अकरा पोरी आहेत, आणि दर शनिवारी प्रत्येकीच्या कामाचा व्हिडिओ त्याच संकेतस्थळावर वर्गाच्या बाईने चढवायचा असतो. म्हणजे आठवड्याला अकरा वेळा नव्याण्णव. तेव्हा ते चार शब्द पुढच्या शनिवारच्या आत पट्टीखाली आले पाहिजेत, मोठ्या अक्षरांत, आणि ‘रद्द करा’ माझ्या हातापासून लांब कुठेतरी ने. जमतं का नाही ते कळव. उत्तर तू स्वतः लिहायचं, तुझ्या आईकडे निरोप ठेवायचा नाही, बापाकडे तर नाहीच. आणि लिहायला बसलीस की नव्याण्णववर थांबू नकोस.